‘शेवटची स्टेज तर नाही ना?’

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न हाच असतो. दुसरा त्याहून अवघड: ‘मग किती दिवस?’ आणि तिसरा, बाई खोलीबाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून: ‘तिला सांगायचं का?’ या प्रकरणात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं डॉक्टर कशावरून देतात ते पाहायचं आहे. तिसरा वाटेत येईलच.

लिहिताना माझ्या डोळ्यासमोर चलथाण आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं, पलसाणा तालुक्यातलं हे गाव. सहकारी साखर कारखाना, कडोदऱ्यापर्यंत पसरलेल्या कापड मिला, आणि धुळे-जळगाव-नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबं. अशा घरात बोलणं अहिराणीत किंवा मराठीत, डॉक्टरांशी गुजरातीत किंवा हिंदीत, आणि रिपोर्ट इंग्रजीत. दवाखान्यात डॉक्टर ‘ग्रेड थ्री’ म्हणाले, मुलाने फोनवर काकांना ‘थर्ड’ सांगितलं, आणि संध्याकाळी अमळनेरला बातमी पोचली ती ‘थर्ड स्टेज’ची. ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या ग्रेडची गाठ तिसऱ्या स्टेजला असू शकते आणि तिसऱ्या ग्रेडची पहिल्या स्टेजला. हा एक गोंधळ निस्तरला तरी निम्मी रडारड थांबते, म्हणून तिथपर्यंत पायरीपायरीने जाऊ.

१. आधी ठरवा, कॅन्सर कुठला

‘पिशवीचा कॅन्सर’ एवढं म्हणून लोक थांबतात. पण गर्भपिशवीचे दोन भाग: मूल वाढतं तो वरचा भाग, आणि योनीत उघडणारं खालचं तोंड. तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. २०२० सालच्या जागतिक अंदाजात भारतात त्याचे सुमारे १ लाख २४ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजारांवर मृत्यू होते. आतल्या अस्तराच्या कॅन्सरचे नवे रुग्ण त्याच वर्षी १६ हजारांच्या आसपास. म्हणजे नात्यात किंवा गल्लीत कुणी ‘पिशवीच्या कॅन्सरने गेली’ असं ऐकलं असेल, तर ती बहुधा या आजाराने गेलेली नसते. तिच्या हालांवरून आपल्या बाईचं भविष्य काढण्यात अर्थ नाही.

अस्तराचा कॅन्सर विषाणूचा नाही. दर महिन्याला अस्तर जाड करणारं संप्रेरक म्हणजे इस्ट्रोजेन. त्याला आवर घालणारं दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, कमी पडलं की अस्तर वाढतच राहतं. पाळी गेल्यावरही शरीरातली चरबी इस्ट्रोजेन बनवत असते, म्हणून स्थूलपणाशी या कॅन्सरचं नातं फार घट्ट आहे. मधुमेह, पीसीओडी, मूल न होणं, पाळी उशिरा जाणं, स्तनाच्या कॅन्सरसाठी वर्षानुवर्षं घेतलेली टॅमॉक्सिफेनची गोळी, हे सगळे त्याचेच सोबती.

या आजाराची एक गोष्ट मात्र बाईच्या बाजूची आहे: तो लपून राहत नाही. अस्तराचा कॅन्सर झालेल्या, पाळी गेलेल्या दहा बायकांपैकी नऊजणींना अंगावरून रक्त गेलेलं असतं. उलट बाजूने पाहिलं तर पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या दहा बायकांपैकी कॅन्सर निघतो तो साधारण एकीला. म्हणून रक्त दिसताच हाय खाण्याचं कारण नाही, आणि तपासणी टाळण्याचं तर मुळीच नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते, आणि अस्तराचा तुकडा काढून, म्हणजे बायका ज्याला ‘क्युरेटिंग’ म्हणतात ते करून, निदान होतं. गर्भपिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी या कामाची नाही, ती दुसऱ्या कॅन्सरसाठी.

‘पाळी परत आली, शरीर अजून जवान आहे’ असं हसत सांगणाऱ्या बायका खानदेशात आहेत तशा सुरतेतही आहेत. त्या हसण्यात सहा महिने, वर्ष निघून जातं. पुढच्या सगळ्या आकड्यांवर या वर्षाचा जेवढा परिणाम होतो तेवढा फार थोड्या औषधांचा होतो.

याच्या नेमकं उलट टोकही आपल्याकडे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातं, पोट दुखतं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं सांगितल्याच्या कहाण्या त्या वेळी बाहेर आल्या. पेशी तपासल्याशिवाय दाखवलेल्या कॅन्सरच्या भीतीला वैद्यकीय अंदाज म्हणत नाहीत. आणि पिशवी काढलीच, कुठल्याही कारणाने काढली, तरी ती पॅथॉलॉजिस्टकडे तपासायला गेली पाहिजे आणि तो रिपोर्ट घरात राहिला पाहिजे.

२. स्टेज म्हणजे किती पसरला

स्त्रीरोगतज्ज्ञांची ‘फिगो’ ही जागतिक संघटना या कॅन्सरच्या स्टेज ठरवते. ढोबळमानाने असं: पहिल्या स्टेजला कॅन्सर पिशवीच्या वरच्या भागातच आहे. दुसऱ्या स्टेजला तो खालच्या तोंडाच्या भिंतीच्या गाभ्यात उतरला. तिसऱ्या स्टेजला पिशवीबाहेर पडला, पण ओटीपोटाच्या शेजारातच, म्हणजे अंडाशय, योनी किंवा रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला. चौथ्या स्टेजला मूत्राशयाच्या, आतड्याच्या आतल्या थरात, किंवा लांब फुप्फुसात, यकृतात गेला. लोक ‘शेवटची’ म्हणतात ती ही चौथी. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे साधारण तीनांपैकी दोघींचा आजार सापडतो तेव्हा पिशवीतच असतो. कारण वर आलंच आहे, रक्त बाईला लवकर दवाखान्यात आणतं.

आता नातेवाईकांना सर्वांत न पटणारी गोष्ट. क्युरेटिंगचा रिपोर्ट आला त्या दिवशी स्टेज सांगता येत नाही. १९८८ पासून या कॅन्सरची स्टेज ऑपरेशननंतर ठरते. एमआरआय अंदाज देतो, पण पक्का आकडा तेव्हाच, जेव्हा पिशवी, दोन्ही नळ्या, अंडाशय आणि गरज असेल तर काही ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. तोपर्यंत ‘किती दिवस?’ला ‘अजून माहीत नाही’ एवढंच उत्तर असतं. हे उत्तर देणारे डॉक्टर काही लपवत आहेत असं बऱ्याच घरांत समजलं जातं. मला तर निदानाच्याच दिवशी महिने मोजून सांगणाऱ्याची जास्त भीती वाटते.

३. ग्रेड म्हणजे स्वभाव

स्टेज पसरण्याची, ग्रेड स्वभावाची. निरोगी अस्तरात पेशी नळकांड्यांसारख्या ग्रंथी बनवून राहतात. पहिल्या ग्रेडमध्ये कॅन्सरच्या पेशीही बऱ्याच अंशी तशाच मांडलेल्या दिसतात, भरीव झालेला भाग ५ टक्क्यांपर्यंत. दुसऱ्यात भरीव भाग ६ ते ५० टक्के. तिसऱ्यात अर्ध्याहून जास्त. मूळची शिस्त जितकी मोडलेली तितकी वाढ वेगाने होण्याची शक्यता अधिक.

ही मोजणी ज्याला लागू होते तो प्रकार म्हणजे एंडोमेट्रिऑइड, आणि बहुसंख्य बायकांना तोच असतो. सीरस, क्लिअर सेल, कार्सिनोसार्कोमा हे थोड्या जणींना होणारे प्रकार मुळातच वरच्या ग्रेडचे. सीरसचा कॅन्सर पिशवीत लहानसा दिसत असतानाच पोटाच्या पडद्यावर त्याच्या पेशी सापडू शकतात. लेनिनग्राडच्या याकोव बोखमान यांनी १९८३ मध्ये हे दोन गट मांडले: इस्ट्रोजेनवर पोसलेला, सावकाश वाढणारा पहिला, आणि इस्ट्रोजेनशी फारसं देणंघेणं नसलेला, आक्रमक दुसरा. ही विभागणी आज अपुरी ठरली आहे, पण तीस वर्षं डॉक्टर याच चौकटीत विचार करत होते.

४. रिपोर्टातल्या चार ओळी

ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट दोन-तीन पानांचा असतो. त्यातल्या चार जागा शोधायच्या.

पहिली ओळ प्रकार आणि ग्रेड सांगते, जसं ‘एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, ग्रेड १’. दुसरी ‘मायोमेट्रियल इन्व्हेजन’ची. अस्तराखाली पिशवीची स्नायूंची जाड भिंत असते. कॅन्सर त्या भिंतीत किती खोल शिरला ते इथे मिलिमीटरमध्ये लिहितात: ‘१५ पैकी ४ मिमी’ म्हणजे निम्म्याहून कमी, ‘१५ पैकी ११ मिमी’ म्हणजे निम्म्याहून जास्त. निम्मं ही महत्त्वाची रेघ आहे, कारण भिंतीच्या बाहेरच्या अर्ध्या भागात मोठ्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या आहेत. तिसरी ओळ ‘एलव्हीएसआय’ची, म्हणजे त्या वाहिन्यांच्या पोकळीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या का. ‘नाही’, ‘तुरळक’ आणि ‘भरपूर’ यांत मोठं अंतर आहे, आणि काळजी ‘भरपूर’ची. चौथी ग्रंथींची: ‘०/१२’ म्हणजे बारा ग्रंथी तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. अलीकडे सगळ्या ग्रंथी न काढता हिरवा रंग टोचून रांगेतली पहिली ग्रंथी तेवढी शोधून काढतात, त्यामुळे बारा न दिसता दोनच दिसल्या तर काम अर्धवट झालं असं समजू नये.

समजा, दोन बायका. दोघींनाही ‘पहिली स्टेज’ सांगितलेली. एक ५६ वर्षांची: एंडोमेट्रिऑइड, ग्रेड १, भिंतीत ४ मिमी, वाहिन्या स्वच्छ, ग्रंथी स्वच्छ. दुसरी ६८ची: सीरस, भिंतीत तेवढेच ४ मिमी, ग्रंथी स्वच्छ. पहिलीला बहुधा ऑपरेशनच पुरेल आणि नंतर फक्त तपासण्या. दुसरीला केमो आणि किरणं सुचवली जातील. पहिलीची जाऊ दुसरीला भेटायला येते आणि म्हणते, ‘आमच्या वहिनींना तर काहीच दिलं नाही, तुम्हालाच एवढं का?’ इथून शंका सुरू होते. दोघींची स्टेज कागदावर सारखी होती, आजार सारखा नव्हता.

५. टक्केवारी कुणाची?

अमेरिकेतल्या नोंदींत या कॅन्सरचा पाच वर्षांचा जगण्याचा दर असा दिसतो: आजार पिशवीतच असेल तर सुमारे ९५ टक्के, शेजारी पोचला असेल तर ७० टक्के, आणि लांब पसरला असेल तर २०च्या आसपास. सगळ्या मिळून साधारण ८१ टक्के. हे आकडे फोनवर कुणालाही सापडतात. वाचायचे कसे, ते मात्र तिथे सापडत नाही.

पहिली गफलत ‘पाच वर्षां’ची. ‘आईला पाच वर्षं दिलीत’ असं लोक म्हणतात. पाच वर्षं हा मोजणीचा थांबा आहे, आयुष्याचा नव्हे. थांब्यावर उभं राहून किती जणी जिवंत आहेत ते मोजलं, एवढंच. त्यांतल्या अनेकजणी पुढे दहा, वीस वर्षं जगतात. ती मोजणी या आकड्यात नाही.

दुसरी, हा दर ‘सापेक्ष’ असतो. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. कॅन्सर नसलेल्या, ६५ वर्षांच्या १०० बायकांपैकी पाच वर्षांनी ९२ जिवंत राहिल्या. हा कॅन्सर झालेल्या, त्याच वयाच्या १०० पैकी ८७ राहिल्या. ८७ भागिले ९२ म्हणजे साधारण ९५ टक्के. वयामुळे, हृदयविकारामुळे, अपघातामुळे एरवीही गेल्याच असत्या त्या बाजूला काढून, कॅन्सरने किती घट केली ते हा दर सांगतो.

तिसरी गफलत चलथाणच्या माणसाला मी कारखान्याच्या भाषेत सांगेन. गळीत संपल्यावर कारखाना जाहीर करतो, समजा, ‘यंदा साखर उतारा साडेदहा टक्के’. हा उतारा हजारो शेतांतल्या उसाचा मिळून. तुमच्या एका गाडीतल्या उसाचा उतारा साडेदहाच असेल असं कोण म्हणेल? तो जातीवर, लागण की खोडवा यावर, तोडणीनंतर ऊस किती दिवस फडात पडून राहिला यावर ठरतो. तरी कारखान्याचा आकडा खोटा नसतो. तुमच्यासारख्याच शेतांचा, तुमच्याच जातीच्या उसाचा उतारा वेगळा काढला तर तो तुमच्या जवळ येईल. डॉक्टर ‘तुमच्या प्रकारात’ म्हणतात तेव्हा तेच करत असतात, गट लहान लहान करत तुमच्यापर्यंत येतात. आणि कितीही लहान केला तरी तो गटाचाच आकडा राहतो.

अमेरिकेचा आकडा इथे जसाच्या तसा का धरू नये, तेही यात आलं. तिथल्या बायकांचं वय, वजन, दवाखान्यात पोचण्याचा काळ, उपचार पूर्ण होण्याचं प्रमाण वेगळं आहे. शिवाय पाच वर्षांचा दर काढायचा तर निदान होऊन किमान पाच वर्षं गेलेल्या बायका लागतात, म्हणजे तो नेहमी जुन्या उपचारांचा असतो. २०२३ च्या मार्चमध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, पसरलेल्या आजारात केमोसोबत रोगप्रतिकारशक्ती जागवणारी औषधं दिली तर काय होतं याचे. त्यांतल्या डोस्टार्लिमॅबच्या चाचणीत, पुढे ज्याचं वर्णन येणार आहे त्या ‘एमएमआर’ बिघाडाच्या गटात, दोन वर्षांनी आजार न वाढता राहिलेल्यांचं प्रमाण ६१ टक्के होतं आणि नुसत्या केमोच्या गटात १६ टक्के. फोनवरच्या २० टक्क्यांत यातलं काही अजून पुरतं आलेलं नाही. ही औषधं महाग आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

६. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारं

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पात ३७३ गाठींची जनुकं वाचली गेली आणि बोखमान यांच्या दोन गटांच्या जागी चार गट समोर आले. मला या आजाराच्या इतिहासातला हा सर्वांत रंजक भाग वाटतो, कारण त्यात एक कोडं आहे.

पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते. नक्कल करणारं ‘पोल-ई’ नावाचं एक प्रथिन लिहिता लिहिता स्वतःच्या चुकाही दुरुस्त करतं. त्याचं जनुक बिघडलं की गाठीत चुकांचा नुसता पाऊस पडतो. चुका जास्त म्हणजे कॅन्सर अधिक भयंकर, असंच कुणीही म्हणेल. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी अनेकदा ग्रेड तीनच्या, अक्राळविक्राळ दिसतातही. पण या बायका जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात. बहुधा इतक्या चुकांमुळे पेशी इतक्या परक्या दिसू लागतात की शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते.

दुसरा गट ‘एमएमआर’चा. इथे चुका दुरुस्त करणारी दुसरी यंत्रणा बंद पडलेली असते. तिसऱ्यात ‘पी ५३’ हे पेशीवर वचक ठेवणारं प्रथिन बिघडलेलं असतं, आणि हा गट खरा त्रासाचा. बहुतेक सीरस गाठी याच गटात येतात. चौथा गट यांपैकी काहीही नसलेल्यांचा. जास्त धोक्याच्या गाठींवर झालेल्या ‘पोर्टेक-३’ या चाचणीत पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पहिल्या गटात ९८ टक्के होत्या, एमएमआर गटात ७२, कुठलाच बिघाड नसलेल्या गटात ७४ आणि पी ५३ च्या गटात ४८ टक्के. तेवढ्याच धोक्याच्या समजल्या गेलेल्या बायकांमध्ये हा फरक! आणि पी ५३ च्या गटात किरणांबरोबर केमो घेतलेल्यांना त्याचा स्पष्ट फायदा दिसला.

म्हणून २०२३ मध्ये ‘फिगो’ने स्टेजच्या व्याख्येतच हे घातलं. पिशवीतच असलेली, भिंतीत थोडी शिरलेली गाठ पोल-ई गटाची निघाली तर ती पहिल्या स्टेजच्या तळाशी जाते, आणि पी ५३ ची निघाली तर दुसऱ्या स्टेजमध्ये. म्हणजे दोन दवाखान्यांत दोन स्टेज सांगितल्या गेल्या तर कुणी चुकलंच असेल असं नाही. ‘जुन्या पद्धतीने की २०२३ च्या?’ एवढं विचारलं की उलगडा होतो. एमएमआर आणि पी ५३ च्या तपासण्या काढलेल्या गाठीच्याच तुकड्यावर रंग चढवून होतात, पुन्हा ऑपरेशन लागत नाही. पोल-ईसाठी जनुक वाचावं लागतं, ती तपासणी महाग आहे आणि सगळीकडे होत नाही.

७. शिवणकाम करणाऱ्या बाईचं भाकीत

१८९५ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर इथले पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना पॉलिन ग्रोस ही शिवणकाम करणारी बाई म्हणाली की आपण लवकर मरणार, आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने, कारण आमच्या घरात सगळे तसेच जातात. तेव्हा ती धडधाकट होती. पुढे ती गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिन यांनी तिचं घराणं धुंडाळून १९१३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. नंतर हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा माग काढला, आणि आज या आनुवंशिक दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. दोष एमएमआर यंत्रणेच्या जनुकांत असतो.

अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभर बायकांपैकी सुमारे तिघींमध्ये तो निघतो. म्हणून एमएमआरची तपासणी बाईपुरती नसते. तिच्या भावाला, बहिणीला, मुलांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका आहे का, तेही तिच्यातून कळायला सुरुवात होते. एमएमआर बिघडलेला म्हणजे लिंच असलाच असं नाही, बहुतेक वेळा तो बिघाड फक्त गाठीपुरता असतो. पुढची तपासणी ते ठरवते. पण लिंच निघाला तर घरातल्या निरोगी माणसांची कोलोनोस्कोपी वेळेवर सुरू करून आतड्यातले पॉलिप कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. पॉलिन ग्रोसला भविष्य कळलं होतं, करता काही येत नव्हतं.

८. ‘काहीच देत नाहीत’ आणि ‘एवढं का देतात’

ऑपरेशन झालं, पुढे शेक नाही, केमो नाही. घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले किंवा आपले पैसे कमी पडले असं समजून सोडून दिलं. नेदरलँड्समध्ये सातशेहून अधिक बायकांवर झालेल्या ‘पोर्टेक-१’ चाचणीचे निकाल २००० साली आले. पहिल्या स्टेजच्या या बायकांपैकी निम्म्यांना ऑपरेशननंतर ओटीपोटावर किरणं दिली, निम्म्यांना नाही. ओटीपोटात कॅन्सर परत आला तो किरणं घेतलेल्यांत ४ टक्के, न घेतलेल्यांत १४ टक्के. एवढं वाचून कुणीही किरणं घ्या म्हणेल. पण पाच वर्षांनी जिवंत होत्या त्या अनुक्रमे ८१ आणि ८५ टक्के, म्हणजे आयुष्यात फायदा नव्हता. न घेतलेल्यांत जिथे आजार परतला तिथे तो बहुतेक योनीच्या वरच्या टोकाला परतला, आणि तेव्हा किरणं देऊन त्यांतल्या बऱ्याच जणींना बरं करता आलं. म्हणून कमी धोक्याच्या बाईला आता काही देत नाहीत, आणि मधल्या धोक्याच्या बाईला पुष्कळदा फक्त योनीच्या आतून थोडकी किरणं.

याच्या उलट, केमो सुचवलेली असताना दोन डोस घेऊन गावी निघून जाणं. चैत्रात लग्नं असतात, अक्षय्य तृतीयेला घरी जायचं असतं, मिलमध्ये खाडा परवडत नाही. वर दिलेले आकडे उपचार अर्धवट सोडणाऱ्यांना लागू होतील असं धरू नये. खर्चाचं म्हणाल तर गुजरातेत जुलै २०२३ पासून आयुष्मान कार्डाची मर्यादा कुटुंबामागे १० लाख आहे. रेशनकार्ड जळगावचं आणि राहणं चलथाणला असेल तर कार्ड कुठल्या राज्याचं आणि त्यावर काय बसतं, हे दाखल व्हायच्या आधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्यावं. अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर इन्स्टिट्यूटला किंवा परळच्या टाटाला दुसरं मत घ्यायला जायचं असेल तर रिपोर्टाबरोबर गाठीचे मेणातले ठोकळे आणि काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. नुसत्या कागदावर दुसरं मत अर्धंच मिळतं.

९. पुढची वर्षं

अंदाज एकदा सांगून संपत नाही. हा कॅन्सर परत येतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत येतो. त्यामुळे तीन वर्षं सुखरूप गेलेल्या बाईचा अंदाज निदानाच्या दिवशी होता त्याहून चांगला असतो. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी तपासणी असते. दर वेळी स्कॅन लागतोच असं नाही. डॉक्टर विचारतात आणि आतून तपासतात, कारण परत आलेला आजार पुष्कळदा बाईलाच आधी जाणवतो.

तिला सांगायचं का, याचं उत्तर इथे आहे. ‘साधी गाठ होती, काढली’ असं सांगून घरी नेलेली बाई वर्षाने दोन थेंब रक्त दिसलं तर कशाला बोलेल? उष्णता म्हणेल, बेलफळाचं सरबत पिईल. लपवणाऱ्यांची माया मला कळते, पण पहारा जिने द्यायचा तिलाच अंधारात ठेवून तो दिला जात नाही. आणि बहुतेक वेळा तिला कळलेलंच असतं. दवाखान्याच्या पाटीवर ‘कॅन्सर’ हा शब्द गुजरातीतही तसाच वाचता येतो.

आणखी एक गोष्ट, जी कॅन्सरच्या धसक्यात सुटते. सुरुवातीच्या स्टेजला सापडलेल्या बायकांमध्ये कालांतराने कॅन्सरपेक्षा हृदयविकाराने जाणाऱ्या जास्त असतात. वजन, साखर, रक्तदाब ही कॅन्सर आणणारी मंडळी ऑपरेशनमध्ये कापली जात नाहीत, ती बाईबरोबर घरी येतात. कॅन्सरचे रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवणाऱ्या घरात मधुमेहाची गोळी संपून आठ दिवस झालेले असतात. ९५ टक्के सांगितलेल्या बाईने पहिली काळजी त्या गोळीची करावी.

अंगावरून रक्त किंवा घाण पाणी जाणं, ओटीपोटात किंवा कमरेत न थांबणारं दुखणं, पाय सुजणं, खोकला आठवडेच्या आठवडे राहणं, विनाकारण वजन उतरणं, यांपैकी काहीही झालं तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नये. आणि जाताना फाइलमध्ये एक कागद असलाच पाहिजे: आधी किरणं घेतली होती का, कुठे, किती डोस. आजार फक्त योनीच्या टोकाला परतला असेल तर तो किरणांनी काढता येईल का, हे पुष्कळदा त्या एका कागदावरून ठरतं.